आठ महिन्यांची देखरेख

शिस्त समितीच्या दालनाबाहेरच्या बाकावर मला स्वस्थ बसवेना. उठावे, खिडकीपर्यंत जावे, परत यावे. धाकटी सून मात्र मांडीवर फाईल घेऊन शांत होती, आणि तिचे ते शांत बसणेच मला सोसवत नव्हते.

"आई, बसा ना. तुमच्याकडे बघून शिपाई दमला."

"त्याला दुसरीकडे बघायला सांग."

चौतीस वर्षे मी प्राण्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून उभी राहिले. कुत्र्याच्या पायाला सलाईन लावणे, भूल दिलेल्या मांजरीचा श्वास मोजणे, ही कामे मी दोन पिढ्यांना शिकवली. थोरल्या सुनेला जनावरांची किळस. धाकटीने मात्र मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर हौसेने हे काम धरले. परीक्षेआधी प्रमाणित तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली एक वर्ष काढावे लागते. तिच्या रोजच्या नोंदीखाली सही माझी.

तिचा परीक्षेचा अर्ज तंत्रज्ञांच्या परिषदेकडे गेला आणि तेथील कारकुनाने शोधून काढले, की माझ्या प्रमाणपत्राची मुदत आठ महिन्यांपूर्वीच संपली आहे. म्हणजे नियमाच्या लेखी तेवढे महिने सुनेने कोणाच्याही देखरेखीवाचून सुया टोचल्या. चौकशीची नोटीस दोघींच्या नावे आली.

घरात सर्वांनी गृहीत धरले, की म्हातारी विसरली. मी कोणाचे म्हणणे खोडले नाही. वास्तविक परिषदेची तीन स्मरणपत्रे माझ्या कपाटात होती. नूतनीकरणासाठी वीस तासांचा उजळणी वर्ग सक्तीचा झाला होता, आणि तो घेणार होत्या मीच हाताला धरून शिकवलेल्या मुली. मी गेले नाही. माझी सही तपासायची कोणाची छाती आहे, अशा तोऱ्यात मी होते.

आमचा पुकारा होण्याआधी सून हळूच म्हणाली, "आत तुम्ही काही बोलू नका. मी सांगते, तुमच्या नूतनीकरणाचा फॉर्म टपालात टाकायचं काम माझं होतं, माझ्याकडून राहिलं. तुमच्या नावाला इतक्या वर्षांत डाग नाही. मी काय, नवी आहे. रागावतील आणि सोडतील."

तेव्हाच बोलायला हवे होते.

आत तिघे होते. अध्यक्षबाई माझी जुनी विद्यार्थिनी. मला पाहून ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"प्रश्न एवढाच आहे," ती सुनेला म्हणाली, "बाईंच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याचं तुम्हाला माहीत होतं का?"

शिकाऊ उमेदवाराला ठाऊक नसेल, तर बाद झालेले महिने पुन्हा करायचे. ठाऊक असेल, तर परीक्षेला दोन वर्षे बंदी. हा नियम मी वर्गात घोकून घेत असे. सुनेने तो वाचलाच नव्हता, कारण मीच तिला म्हटले होते, मी असताना तुला पुस्तक कशाला.

"फॉर्म माझ्याकडे होता," सून बोलू लागली, "मीच तो..."

"खोटं बोलतेय ती."

"आई, थांबा."

"तू थांब. फॉर्म हिच्या हाती कधी आलाच नाही. तीन पत्रं आली. तिन्ही मी फोडली, वाचली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. मला तुमच्या वर्गात बसायचं नव्हतं. हिला यातलं काही माहीत नव्हतं. लिहून घे."

अध्यक्षबाईचे पेन थांबले. "बाई, हे लिहिलं तर तो विसरभोळेपणा ठरत नाही. जाणूनबुजून केलेला नियमभंग ठरतो."

"मला अर्थ सांगतेस? लिही."

सुनेने आठ महिने डॉक्टरांच्या हाताखाली पुन्हा काढावेत, असे ठरले. माझा देखरेखीचा अधिकार कायमचा गेला. उजळणी वर्ग पुरा होईपर्यंत कामालाही हात लावायचा नाही.

मला वाटले होते, बाहेर पडल्यावर ती निदान माझा हात धरील. ती जिन्यात माझ्यापुढे दोन पायऱ्या राखून उतरत राहिली.

"तीन पत्रं," ती मागे न वळता म्हणाली. "आणि मी तुमच्यासाठी खोटं बोलायला निघाले होते."

"म्हणूनच तर मी..."

"आठ महिने, आई. लेकीला रोज शेजारणीकडे ठेवून यायचे मी."

मी कठडा धरून तिच्यामागे उतरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कुत्री पिल्ले होताना अडली म्हणून दवाखान्यात आली. मी सवयीने कोपरापर्यंत हात धुतले आणि शस्त्रक्रियेच्या खोलीकडे निघाले. डॉक्टर आत होते, दारात सून उभी होती.

"तुम्ही बाहेर थांबा. प्रमाणपत्राची मुदत संपलेल्यांना आत मनाई आहे."

आवाजात राग नव्हता आणि गोडवाही नव्हता. मी मागे फिरले.

बाकावरचा कुत्रीचा मालक उठून जवळ आला. "बाई, वाचेल ना ती?"

दारापलीकडून तिची धाप ऐकू येत होती. त्या धापेवरून मला बरेच काही सांगता आले असते.

"ते मी सांगायचं नाही," मी म्हटले. "आतल्या बाई येतील, त्यांना विचारा."

"कधी येतील?"

"मीही त्यांचीच वाट बघतेय," मी म्हणाले, आणि ओले हात तसेच धरून खिडकीपर्यंत जाऊन आले.