शब्दावर बाद

नाश्त्याच्या खोलीत टोस्टर एकच आणि संघ सहा. नवख्या क्रिकेट देशांच्या या आंतरराष्ट्रीय लीगमध्ये सगळ्यांना एकाच हॉटेलात उतरवायची पद्धत होती. त्यामुळे काल ज्याचा त्रिफळा उडवला, आज त्याच्याच मागे ब्रेडचे दोन तुकडे घेऊन रांगेत उभं राहायचं. हिरव्या संघाच्या कप्तानाला दहा दिवस यात भारी गंमत वाटली होती. अकराव्या दिवशी सकाळी मात्र तो दारातूनच वाकून बघत होता, आत निळ्या संघाचं कुणी आहे का. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, कालच स्पर्धा जिंकून देशाला वरच्या गटात नेलेला, आणि उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकासारखा भिंतीला चिकटून चाललेला.

घरी हा माणूस लिफ्टा दुरुस्त करायचा आणि मैदानात यष्टीरक्षण. संघातली पोरं त्याला दादा म्हणायची. इथे यायला त्याने दोन वर्षांची रजा साठवली होती. वरच्या गटात गेलं की मंडळ खेळाडूंना वर्षभराच्या नोकरीवर ठेवणार होतं. म्हणजे पोरांना कामावरून पळत येऊन अंधुक उजेडात सराव करायला नको. हे सगळं कालच्या एका सामन्यावर होतं. जो जिंकेल तो वर, जो हरेल तो आणखी दोन वर्षं इथेच.

आता मुद्द्याचं सांगते. या लीगमध्ये कॅमेरा एकच, तोही साइटस्क्रीनवर उंच बांधलेला. त्यात चेंडू कमी आणि कबुतरं जास्त दिसायची. तिसरा पंच वगैरे थाट नाही. म्हणून पहिल्या दिवशी कप्तानांच्या बैठकीत प्रश्न निघाला, जमिनीलगतच्या झेलांचं करायचं काय? तेव्हा हेच आपले दादा उठून म्हणाले होते, “ज्याने झेल घेतला त्याला विचारा. तो सांगेल ते खरं. आपण काही लहान पोरं नाही.” खोलीभर माना हलल्या. सगळ्यात आधी टेबलावर थाप मारली ती निळ्या संघाच्या कप्तानाने. तो पोस्टमन होता, बेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, शांत. दादाला त्या दिवशी स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्याने बायकोला फोन करून सगळं सांगितलं.

आणि काल काय झालं? निळ्यांना नऊ धावा हव्या होत्या आणि दोन गडी शिल्लक. एका टोकाला पोस्टमनचा सख्खा भाचा एकाहत्तरवर खेळत होता, आणि तो पोरगा आऊट होण्याच्या मनःस्थितीत नव्हताच. दुसऱ्या टोकाला स्ट्राइकवर मामा. चेंडू मामाच्या बॅटीची कड घेऊन खाली गेला. दादाने झेप घेतली. चेंडू हातमोज्यांच्या बोटभर अलीकडे मातीत टेकला आणि उडी मारून आत आला. दादाला तो दिसला, जाणवला, मोज्याच्या टोकाला माती लागली तीही कळली. गोलंदाज मध्ये आल्यामुळे पंचाला काही दिसलं नव्हतं. पोस्टमनने पंचाकडे पाहिलंच नाही. त्याने दादाकडे पाहिलं.

“घेतलात?”

“घेतला.”

बस्स, एवढंच. पोस्टमनने बॅट काखेत मारली आणि चालू लागला. भाचा मागून ओरडत राहिला, “मामा, थांब, टप्पा पडलाय!” मामाने मान वळवली नाही. पुढच्याच चेंडूवर शेवटचा फलंदाज त्रिफळाचीत झाला आणि हिरवी पोरं दादाच्या अंगावर येऊन पडली. त्या ढिगाखाली दादाला वाटलं होतं, असंच पडून राहावं, कुणी उठवू नये. संध्याकाळी बायको फोनवर म्हणाली, “एवढं जिंकलात आणि आवाज असा काय?” तो म्हणाला, “घसा बसलाय.” घसा चांगला ठणठणीत होता.

तर आता सकाळी त्याने कसाबसा चहा घेतला आणि कोपऱ्यातलं टेबल धरलं. दोन घोट झाले नाहीत तोच समोर पोस्टमन उभा. दादाला वाटलं, कळलं याला, आता हा चारचौघांत आपली काढणार.

पोस्टमन खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “एक काम होतं तुमच्याकडे. म्हणजे, लाज वाटते सांगायला.”

“बोला ना.”

“आमची पोरं माझ्याशी बोलत नाहीयेत कालपासून. भाच्याने डोक्यात घेतलंय की टप्पा पडला होता. मी पंचाची वाट न बघता निघून आलो, म्हणून सगळ्यांचं वाटोळं झालं, म्हणतो. त्याने नोकरी सोडली होती हो यासाठी. मी त्याला सांगितलं, समोरचा माणूस खोटं बोलणारा नाही. पण माझं ऐकतोय कुठे. तुम्ही जरा येऊन एका शब्दात सांगाल का? तुमचं ऐकेल तो.”

नाही म्हणायला काय झालं होतं? पोट दुखतंय म्हणायचं, बस चुकेल म्हणायचं. पण दादा मुकाट उठला. माणूस एकदा घसरला की त्याला थांबायचं सुचत नाही, हेच खरं. निळ्या संघाच्या लांब टेबलाशी पोचेपर्यंत त्याने चेहऱ्यावर एक मोठेपणाचं हसू आणलंसुद्धा. बारा-तेरा जणांनी खाणं थांबवून वर पाहिलं. भाच्याचे डोळे सुजलेले होते.

दादाने पोस्टमनच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्या कप्तानाची काही चूक नाही,” तो म्हणाला. “झेल स्वच्छ होता. मीच सांगतोय ना.”

भाचा दादाकडे बघत राहिला, मग समोरच्या बशीकडे. त्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता तो मनातल्या मनात ते पुसत होता. दादाला ते स्पष्ट दिसलं. मग पोरगा उठून उभा राहिला.

“मामा, चुकलं माझं,” तो म्हणाला. “काल नाही नाही ते बोललो तुला.” मग दादाकडे वळला. “काका, तुम्हीही माफ करा. मी सगळ्यांना सांगत फिरलो की तुम्ही फसवलंत. मला लांबून नीट दिसलं नसणार.”

पोस्टमनचा चेहरा उजळला होता. दादाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. काल मैदानात खोटं बोलताना घाई होती, श्वास चढला होता, नऊ धावा होत्या. आत्ता यातलं काहीच नव्हतं. समोर एक बरोबर असलेला पोरगा आपली माफी मागत होता, आणि आपण ती घेऊन चहा प्यायला परत जाणार होतो. त्याला स्वतःची शिसारी आली.

“टप्पा पडला होता,” दादा म्हणाला.

कुणाला पहिल्यांदा कळलंच नाही. म्हणून त्याला पुन्हा म्हणावं लागलं. “तुला बरोबर दिसलं होतं, बाळा. बोटभर अलीकडे पडला होता. मला माहीत होतं. काल विचारलं तेव्हाही, आणि आत्ताही.”

आरडाओरडा होईल असं त्याला वाटलं होतं. झाला असता तर बरं झालं असतं. भाचा खाली बसला. कुणीतरी चमचा बशीत ठेवला. दादा घाईघाईने बोलत सुटला, आयोजकांना आत्ता जाऊन सांगतो, लिहून देतो, निकाल बदलायचा तर बदला म्हणतो. निकाल बदलत नसतो हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

पोस्टमनने त्याला पुरतं बोलू दिलं. मग हळू आवाजात म्हणाला, “कालचं मी समजू शकतो. मीही खेळतो. नऊ धावा असताना माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. पण आत्ता? माझ्या पोरांसमोर, माझ्या खांद्यावर हात ठेवून?”

दादाचा हात अजून त्या खांद्यावरच होता. पोस्टमनने तो मनगटाला धरून उचलला, झटकला नाही, नुसता उचलून बाजूला केला, आणि भाच्याशेजारी जाऊन बसला.