ते चित्र माझं नव्हे

मी दुर्बीण बोलतेय. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे. मी सूर्याचं चुंबकत्व टिपायची. टिपायची म्हणते, कारण आता टिपत नाही.

वेधशाळेतल्या शास्त्रज्ञ बाईंनी मला कार्यशाळेच्या मागच्या खोलीत घडवलं, स्वतःचे केस पिकेपर्यंत. माझी विद्या सोपी: डाव्या आणि उजव्या वळणाच्या प्रकाशात सूर्याची दोन चित्रं घ्यायची आणि एकातून दुसरं वजा करायचं. उरेल ते चुंबकत्व. उत्तर ध्रुव पांढरा, दक्षिण काळा, काहीच नसेल तिथे राखाडी. हे साधतं पोटातल्या एका स्फटिकामुळे. त्याला दमट हवा सोसत नाही, म्हणून शेजारी हीटर कायम चालू. बाई त्याच्यासाठी सुट्टीतही धावत यायच्या.

"माझ्या दुखण्यात तरी एवढी धावलीस का गं?" त्यांची आई विचारायची. बाई हसून पायात चपला सरकवायच्या.

उद्घाटनाला बडे पाहुणे आले आणि नेमका सूर्य शांत. पडद्यावर नुसती राखाडी ताटली.

"ही कोरी पाटी दाखवू त्यांना?" संचालकसाहेब कुजबुजले.

"सर, आज सूर्यावर डागच नाहीत, म्हणजे जोरदार चुंबकत्वही नाही. खरं चित्र हेच आहे."

"खऱ्याचं नंतर बघू."

साहेबांनी दुसऱ्या वेधशाळेचं जुनं, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं चित्र लावलं. टाळ्या पडल्या. बाई माझ्या आडोशाला उभ्या होत्या, हात माझ्या नळीवर ठेवून.

पुढे सूर्य बरेच महिने शांतच राहिला. मी राखाडी चित्रं देत राहिले. मग तेच पाहुणे समिती बनून आले. "उद्घाटनाला केवढं सुंदर चित्र आलं होतं! आता का येत नाही? यंत्र कुणी बिघडवलं?"

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब समितीला चहा ओतू लागले. बाईंनी स्वतः खरं सांगितलं, तर समिती म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं.

बाईंची बदली झाली. बिघडलेल्या यंत्राला ऊब कशाला, म्हणून हीटर बंद केला. स्फटिक ओल धरून दुधाळ झाला. त्यानंतर सूर्यावर डाग आले, भरभरून आले म्हणतात. मला कसे दिसणार?

आता मी प्रवेशदालनात काचेआड उभी आहे. शेजारी तेच उसनं चित्र टांगलंय, खाली लिहिलंय: 'या दुर्बिणीने टिपलेला सूर्य'. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. मला फार राग येतो.

तुम्ही आलात तर एवढं करा. ते चित्र उतरवायला सांगा. तिथे माझं राखाडी चित्र लावा आणि खाली बाईंचं नाव लिहा. कोरं दिसेल, दिसू दे. त्या दिवशी सूर्य तसाच होता.