डावा खिसा

टिल्लीच्या घरी चहा कपाच्या काठापर्यंत मिळायचा आणि बशीत सांडला तरी कुणी डोळे वटारायचं नाही. म्हणूनच हायस्कूलची ही चार टाळकी महिन्यातून एकदा तिच्याकडे जमायची. टिल्लीचं औषधांचं दुकान खाली, घर वर. उंचीने ती शाळेत होती तेवढीच राहिली होती, आवाज मात्र तीन मजले ऐकू जावा असा. तिच्या समोरच्या खुर्चीत पोस्टमास्तर. ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी आलेलं कुठलंही पाकीट आधी उलटून शिक्का बघायची खोड गेली नव्हती. खिडकीपाशी बाहुली. शाळेत रोज नवा फ्रॉक घालून यायची म्हणून वर्गाने तिला ते नाव दिलं होतं आणि साठीला टेकली तरी ते तिला शोभत होतं. आणि दाराजवळच्या स्टुलावर, उठून जायला सोपं पडेल अशी, डावरी.

डावरी शिवणकाम करायची. तिची आईही करायची. पाचवीपर्यंत ती डाव्या हाताने लिहायची, मग एका बाईंनी तो हात बाकाला बांधून उजवा सुरू करून दिला. तेव्हापासून लिहिणं, कापणं, जेवणं सगळं उजव्याच हाताने. नाव तेवढं मागे राहिलं. ते हाक मारायलाच इतकं वापरलं गेलं होतं, की त्याचा अर्थ कुणाच्या डोक्यातही यायचा नाही. तिच्या स्वतःच्याही नाही.

विषय त्यांच्या गल्लीचा चालला होता. गल्ली आता राहिली नव्हती. रस्ता रुंद करताना दोन्हीकडची घरं गेली, आणि जिथे डावरीच्या आईची खोली होती तिथून आता बस वळते. शाळेने जुन्या विद्यार्थ्यांचा दिवस ठरवला होता. त्या गल्लीतल्या प्रत्येकाने तिथली एक वस्तू आणायची, सभागृहात टेबलावर मांडायची आणि शेजारी चिठ्ठी लिहून ठेवायची.

"माझी ठरली," टिल्ली म्हणाली. "आमच्या दारावरची नंबराची पाटी. गंजलीय, पण आकडा वाचता येतो."

"माझ्याकडे एकच गोष्ट उरलीय," मास्तरांनी कपाळावरची खूण दाखवली. "टिल्लीने मारलेला दगड. आता ही टेबलावर मांडायची म्हणजे मलाच आडवं व्हावं लागेल."

"व्हा की. चिठ्ठी मी लिहिते. 'हात लावू नये, आधीच ठोकलेलं आहे.'"

सगळे हसले. डावरीही हसली, पण वरवर. तिच्याकडे मांडायला काही नव्हतं. आईचं मशीन आईच्या आजारपणात विकलं गेलं. कात्री घर पाडताना कुठे गेली देव जाणे. गल्लीतल्या एका तरी गोष्टीवर हात ठेवून 'ही आमची' म्हणता यावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंही नव्हतं.

तेवढ्यात बाहुलीने पिशवीतून पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि हलकेच उलगडलं.

पिवळा फ्रॉक. फिक्या पिवळ्या रंगाचा, गळ्याला पांढरी पट्टी, घेराला तीन चुण्या.

डावरीने तो लगेच ओळखला. हा फ्रॉक तिने बाहुलीच्या आधी घातला होता.

बाहुलीचे सगळेच फ्रॉक तिने आधी घातले होते. गल्लीच्या टोकाला बाहुलीच्या वडिलांचा बंगला. तिथून कापड यायचं, कागदावर मापं यायची, मुलगी मात्र यायची नाही. शिवणारीच्या खोलीत आपली मुलगी उभी करायची नाही, असा तिच्या आईचा दंडक होता. दोघी मुली एका उंचीच्या. मग डावरीच्या आईने काय करावं? अर्धवट शिवलेला फ्रॉक ती आपल्या लेकीला घालायची, तिला स्टुलावर उभी करायची, आणि तोंडात टाचण्या धरून भोवती फिरायची. "हलू नको गं. एक क्षण." त्या एका क्षणात डावरी समोरच्या आरशाच्या तुकड्यात बघून घ्यायची. मग "काढ आता, जपून, टाचणी लागेल." म्हटलं की संपलं. दोन दिवसांनी तोच फ्रॉक बाहुलीच्या अंगावर शाळेत यायचा आणि बाई म्हणायच्या, "वा! किती गोड!" मागच्या बाकावरच्या डावरीच्या अंगावर याच्या-त्याच्या उरलेल्या तुकड्यांचा जोडफ्रॉक असायचा.

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? पण पन्नास वर्षं झाली, बाहुली नवी साडी नेसून आली की डावरीचे डोळे आधी काठाकडे जायचे, मग शिलाईकडे, आणि कुठे एखादी टीप वाकडी दिसली की त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

"आईने जपून ठेवला होता," बाहुली सांगत होती. "आमची नात दहा वर्षांची झाली, तिला घालणार आहे त्या दिवशी. ती व्यासपीठावर दोन शब्द बोलेल, मग फ्रॉक टेबलावर. चिठ्ठीत लिहीन, 'माझा लाडका फ्रॉक.' डावरे, तुझ्या आईचा हात काय होता गं! एकच खोड. खिसा."

"खिशाला काय झालं?" टिल्लीने विचारलं.

"अगं, डाव्या बाजूला! आणि याचाच नाही, सगळ्या फ्रॉकांचा. रुमाल काढायचा तर मी अशी वळायची," तिने उजवा हात पोटावरून पलीकडे नेऊन दाखवला, "पोटात कळ आल्यासारखी. आमची आई म्हणायची, या बाईंना डावं-उजवं कळत नाही, नशीब बाह्या दोन शिवतात."

मास्तर खो खो हसले. टिल्ली इतकी हसली की चहा खरोखरच बशीत आला. डावरीचे कान तापले. तिला उठून म्हणायचं होतं, माझी आई डोळे मिटून काज करायची, तिला शिकवताय? पण खिसा डावीकडे होता. समोर दिसत होता. आई चुकली होती, आणि तीही एकदा नाही.

"तूच नीट करून दे ना," बाहुली म्हणाली. "उसवून उजवीकडे लाव. नातीची गैरसोय नको. आणि मजुरी घ्यायची, हं! फुकट नको."

ते 'फुकट नको' डावरीला सगळ्यात जास्त टोचलं. तिने फ्रॉक घेतला.

घरी आल्यावर तिने तो कामाच्या खोलीतल्या खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे आंघोळ झाली, देवापुढे बसणं झालं. तोंडाने नाम चालू होतं आणि डोळा खुंटीकडे. प्रार्थनेत बसून दुसऱ्याच्या फ्रॉकाचा हेवा करणारी बाई देवाने पहिल्यांदा पाहिली असेल असं नाही, पण तिला स्वतःलाच लाज वाटली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा मध्येच पिवळा रंग आला. शेवटी ती हात जोडून नुसतीच म्हणाली, "बघ बाबा, माझं हे असं आहे," आणि उठली.

फ्रॉक तिने उजेडात, टेबलावर पसरला. कापड विरलं होतं. कात्रीचं टोक जरा घसरलं तरी खिशासकट घेर फाटत गेला असता. जुनं कापड, कोण काय म्हणणार? नात दुसरा फ्रॉक घालील, टेबलावर टिल्लीची पाटी तेवढी राहील, आणि 'माझा लाडका फ्रॉक' ही चिठ्ठी कुणी लिहिणार नाही. हा विचार आला आणि गेला नाही. हातात कात्री असताना तो तिथेच उभा राहिला.

मग तिने कात्री ठेवली आणि ब्लेड घेतलं. करायचं तर काम नीट करायचं, निदान आईच्या टिपेशी तरी बेइमानी नको. खिशाच्या वरच्या कोपऱ्याचे दोन टाके तिने कापले. कापड आतून ताणून धरायला बोटं खिशात घालावी लागतात. उजव्या हातात ब्लेड होतं, म्हणून आत गेला तो डावा.

आता मोठ्या बाईचा हात, तो मनगटापर्यंत कुठला जायला. चार बोटं गेली आणि तळाशी अडली. तिथे आईने कोपरा सरळ न ठेवता आतल्या बाजूला गोल वळवला होता, करंगळी टेकावी असा. आणि तोंडाची पट्टी तिरपी, बाहेरच्या कडेला उतरती. उजव्या हाताने वळून काढणाऱ्याला ती नेहमी अडली असती. डाव्या हाताला मात्र ती अडत नव्हती. हात आपसूक आत जात होता.

"घाल हात खिशात," आई म्हणायची. तोंडात टाचण्या, त्यामुळे शब्द दातांतून यायचे. "बसतो?"

"बसतो."

"बोटं दुमडून बघ. बसतो?"

"बसतो गं आई."

"मग ठीक."

दर वेळी हे विचारलं जायचं. दर फ्रॉकाला. आणि ती कंटाळून उत्तर द्यायची, कारण तिचं सगळं लक्ष आरशाच्या तुकड्यात असायचं.

डावरीने हात बाहेर काढला नाही. ब्लेड खाली ठेवलं. आईला डावं-उजवं चांगलं कळत होतं. शाळेने जो हात बाकाला बांधला, त्या हातासाठी ती बंगल्यातल्या कापडाला खिसे लावत होती, आणि बंगल्याचा बोल खाली मान घालून ऐकून घेत होती. फ्रॉक द्यायचा दुसऱ्याला. पण ज्या क्षणापुरता तो आपल्या लेकीच्या अंगावर असायचा, त्या क्षणापुरता तो तिच्या मापाचा असायला हवा होता.

ती रडली का? थोडी. मग नाक पुसून तिने पिवळा दोरा शोधला आणि कापलेले दोन टाके होते तसे पुन्हा घातले.

दुपारी ती बाहुलीकडे गेली. बाहुलीने दार उघडलं, फ्रॉक हातात घेतला, उलटून पाहिला. "अगं, खिसा तर तिथेच आहे!"

"तो तिथेच राहील."

"म्हणजे? कापड टिकणार नाही का?"

"टिकेल. पण आई चुकली नव्हती." डावरीने आवाज चढवला नाही. तिला तो चढवता यायचा नाही. "तुझ्या फ्रॉकांची मापं माझ्या अंगावर घ्यायची ती. हे तुला माहीत होतं?"

बाहुलीने नकारार्थी मान हलवली.

"सगळ्यांची. मी डावरी होते. खिसा माझ्या हाताचा आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. स्टूल, टाचण्या, आरशाचा तुकडा, "बसतो?" सांगताना तिचं लक्ष बाहुलीच्या चेहऱ्याकडे होतं. खोटं कशाला बोला, ते बघायलाच ती आली होती. बाहुलीचं हसू आधी ओठांवर थांबलं, मग गेलं. तिने फ्रॉकाचे खांदे बोटांत धरले.

"हे नेहमी उतरायचे माझ्या," ती म्हणाली. "मला वाटायचं मीच वाकडी आहे. आई सारखी म्हणायची, सरळ उभी राहा, कपडा अंगावर नीट दिसत नाही." तिने घेरावरून हात फिरवला. "लांबून तुमच्या खिडकीत दिसायचीस तू, अंगावर काय आहे ते मात्र कळायचं नाही. स्टुलावर. आणि तुझी आई भोवती फिरत असायची. मला यायचं होतं गं तिथे. एकदा आलेही होते पायरीपर्यंत. मग घरी मार खाल्ला."

तिच्या डोळ्यांत जे आलं होतं ते डावरीने लगेच ओळखलं. पन्नास वर्षं सांभाळलेली वस्तू कुणी विसरत नाही. आधी तिला बरं वाटलं, अगदी गार वाटलं. बंगला असून, रोज नवा कपडा असून ही बाई आत्ता आपल्या एका खोलीचा, आपल्या आईच्या तोंडातल्या टाचण्यांचा हेवा करत होती. पण तो गारवा फार टिकला नाही. आपण रोज जे गिळत आलो त्याची चव तिला माहीत होती. ती दुसऱ्याच्या तोंडात बघवेना.

"चिठ्ठी तू लिही मग," बाहुली हळूच म्हणाली. फ्रॉक तिने पुढे केला. "तुझाच आहे."

डावरीने तो घेतला. नको म्हणाली नाही. घडी घालून पिशवीत ठेवला, वर हात ठेवला, आणि मगच दुसऱ्या कप्प्यातून मापाची टेप काढली.

"नातीला काय घालायचं ते आपण बघू. नवा शिवते. पण आधी तू उभी राहा."

"मी? वेडी का काय!"

"आमच्या घरात तुझं माप कधी कुणी घेतलंच नाही. राहा उभी. हात वर."

"अगं, कंबरेचं मोठ्याने म्हणू नकोस हं. शेजारी ऐकतील."

"मनात म्हणते. हलू नको गं. एक क्षण."

तिने टेप खांद्यावरून टाकली. खांदा खरोखरच अरुंद होता, तिच्यापेक्षा दोन बोटं. तिने आकडा कागदावर लिहिला. मग पाठ, मग बाही, मग कंबर, मनात म्हणून. बाहुली भिंतीकडे बघत सरळ उभी होती, शाळेत उभी राहायची तशी.

"खिसा?" डावरीने विचारलं.

"उजवीकडे," बाहुली म्हणाली.