घड्याळजीच्या नाकाचा पडदा

घड्याळजीचं डोकं बावीस वर्षं दुखत होतं, आणि तेही वेळ पाळून. सकाळी अकराच्या सुमारास उजव्या भुवईच्या आत कुणीतरी खिळा ठोकायला घ्यायचं, ते थेट त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होईपर्यंत. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं जुळवायचं काम, म्हणून पहिला आळ भिंगावर आला. मग तीनदा चष्मा बदलला. उशी बदलली. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ उपटली, ती इतकी ठणठणीत निघाली की डॉक्टरांनीच हळहळत पुडीत बांधून दिली.

“नाटकं आहेत सगळी,” त्याची ताई म्हणायची. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. लोकांना गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे घरातही तिचा आवाज बंद काचेतून पलीकडच्या फुटपाथवर पोचेल असाच असे. “माझ्या गाडीत रोज चार जण मला खांबावर नेऊन घालायला बघतात. माझं दुखतं का डोकं?”

शेवटी बायकोने नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, पण ती डोकेदुखीसाठी नव्हे, त्याच्या घोरण्यासाठी. ताई सोबत आली, कारण गाडी तिची आणि सल्लाही तिचाच असायचा.

डॉक्टरबाईंनी कपाळाला दिवा लावून नाकपुड्यांत डोकावून पाहिलं. “नाकाच्या मधला पडदा चांगलाच वाकलाय. त्याचं एक टोक उजव्या बाजूच्या आतल्या भिंतीत रुततंय. डोकं दुखतं का हो?”

“आत्ता किती वाजले?” घड्याळजीने विचारलं.

“साडेअकरा.”

“मग दुखतंय.”

बाईंनी बधिर करणाऱ्या औषधात भिजवलेली कापसाची पट्टी नाकात नेमक्या जागी सरकवली आणि दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. परत आत बोलावलं, तेव्हा घड्याळजीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय होतंय?”

“काहीच होत नाहीये,” तो घाबरून म्हणाला.

“छान! म्हणजे दुखणं बहुधा तिथूनच येतंय. ऑपरेशनने पडदा सरळ करू. सगळं आतून, बाहेर टाकासुद्धा दिसणार नाही. श्वास मोकळा व्हायला हवा. डोकेदुखी जाईल अशी आशा आहे, पण वचन देत नाही. घोरण्याचं तर त्याहून नाही.” बायकोचा चेहरा पडला. डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, “लहानपणी नाकावर मार बसला होता का?”

“हो. सहा वर्षांचा होतो. जिन्याच्या सातव्या पायरीवरून पडलो. अजून डोळ्यांपुढे आहे.”

मग ताई अगदी बारीक आवाजात म्हणाली, “त्या जिन्याला पायऱ्या पाचच होत्या.”

सगळे तिच्याकडे वळले. इतका बारीक आवाज तिच्याकडे आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

“बाबांची सायकल मी न विचारता काढली होती. तुला पुढच्या दांड्यावर बसवलं. उतार लागला आणि... समोर भिंत होती. तुझं नाक हँडलवर आपटलं. घरी मी सांगितलं, जिन्यावरून पडला. तूही इतका रडत होतास की, तुला तेच खरं वाटलं.”

“आणि सातवी पायरी?”

“ती तुझी तूच घातलीस.”

घड्याळजी संतापायला हवा होता, पण डोकं दुखायचं थांबल्यामुळे त्याला नीट रागच येईना.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. दोन्ही नाकपुड्यांत पट्ट्या बसवलेल्या, वरून कापसाचा बोळा, तोंडाने श्वास. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. आई भेटायला आली, तेव्हा ताईने तिच्यापुढेही सगळं कबूल करून टाकलं.

“माहितीये मला,” आई म्हणाली. “हँडल वाकलं होतं. जिन्याने हँडल वाकतं होय? तुझ्या बाबांनी हातोडीने सरळ केलं. नाक तेवढं राहिलं.”

घरी ताई सेवेला हजर झाली. घड्याळजीला बोलायला त्रास नको म्हणून बायकोने दुकानातली टेबलावरची घंटी उशाशी ठेवली होती. टण्, की ताई बर्फ घेऊन हजर. टण्, उशी उंच कर. टण्टण्, खीर गार आहे. टण्, आता फार गरम झाली. ताई चार दिवस “हो रे राजा” म्हणत राहिली. घड्याळजीला ते आधी गोड वाटलं, मग चुकल्या-चुकल्यासारखं, मग चक्क भीती वाटायला लागली. पाचव्या दिवशी त्याने खिडकीचा पडदा लावायला घंटी वाजवली, आणि ती खिडकी त्याच्या हाताच्या अंतरावर होती.

“हात मोडलेत का तुझे?” ताई कडाडली. “नाक मोडलं होतं मी, हात नाही!”

घड्याळजी तोंड उघडं ठेवूनच हसला आणि निवांत झोपला.

आठवड्याने डॉक्टरबाईंनी पट्ट्या काढल्या. दोन्हीकडून गार हवा एकदम आत शिरली, तसा तो दचकून खुर्चीत मागे सरकला. “इतकी घ्यायची असते?” त्याने विचारलं.

पंधरा दिवसांनी तो दुकानात बसला. साडेदहापासून त्याने कामाला हातच लावला नाही, नुसता वाट पाहत होता. एवढ्यात एक बाई भरपूर अत्तर लावून बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन आल्या. त्याने मागचं झाकण उघडलं, आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच असला वास थेट आत गेल्यामुळे सणसणीत शिंक दिली, सांगितल्याप्रमाणे तोंड सताड उघडं ठेवून. तिळाएवढा स्क्रू कुठल्या कुठे उडाला. मग तो आणि त्या बाई दोघं गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहिले. स्क्रू सापडला बाईंच्याच चपलेत. तो कंबर धरून उठला, तेव्हा भिंतीवरची सगळी घड्याळं साडेबारा दाखवत होती, आणि डोकं नुसतं डोकं होतं.

त्याने ताईला फोन लावला. ती एका नवशिक्या बाईंच्या शेजारी बसली होती.

“दुखत नाहीये,” तो म्हणाला.

मग त्याला तिचा आवाज ऐकू आला, पण तो त्याच्यासाठी नव्हता.

“बाई, गाडी जरा कडेला घ्या. मला दोन मिनिटं रडायचंय.”