भुवयांचा होकार

मित्रांनो, माझ्या डाव्या कानावर सतरा नंबर चिकटवलेला आहे. एका शाळेतला मी जुना हेडफोन. नाव वगैरे काही नाही, सगळे मला सतरा नंबरच म्हणतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका मुलीने माझी डोक्यावरची पट्टी वाकवून पाहिली, तोंडापुढच्या माइकच्या दांडीत काहीतरी पुटपुटली आणि मला खोक्यात टाकले. खोके उघडले ते थेट अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या डोंगराळ भागात. आमच्या गावात कोंबड्या कापण्याचे कारखाने आहेत. त्या कामासाठी प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरून कितीतरी कुटुंबे येऊन राहिली आहेत. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, त्यांच्यासाठी शाळेला सरकारकडून वेगळा निधी मिळतो. माझी खरेदी त्याच निधीतून झाली. म्हणजे खरे मालक कोण, हे तुम्हीच ठरवा.

माझी सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. बॉयलरच्या शेजारी एक चिंचोळी खोली होती. तिथे नेइमात बाई शिकवत. त्या स्वतः त्याच बेटांवरच्या. लहानपणी इथे आल्या, याच शाळेत शिकल्या आणि इथेच शिक्षिका झाल्या. सकाळी मुले आत आली की त्या "याक्वे, याक्वे" म्हणून प्रत्येकाला रामराम करीत. मग मला एखाद्याच्या डोक्यावर चढवत आणि गोष्ट लावत.

आता या मुलांची एक रीत सांगतो. त्यांना 'हो' म्हणायचे असले की ती बोलत नाहीत, नुसत्या भुवया वर उचलतात. त्यांच्या घरी लहानथोर सगळे असेच करतात. भूक लागली का? भुवया वर. चर्चमध्ये येणार का? भुवया वर. भुवया उचलल्या की डोक्याची कातडी किंचित सरकते. माझी पट्टी तिथेच टेकलेली असते, त्यामुळे मला तो होकार बरोबर कळतो. पण कळून उपयोग काय? माझी दांडी फक्त आवाज पुढे पाठवते.

नेइमात बाईंना हे ठाऊक होते. त्या म्हणायच्या, "माझ्यापुढे भुवया खुशाल उडवा. पण हा सतरा नंबर आंधळा आहे रे बाळांनो! त्याला तोंडाने सांगितलं नाही तर रुसून बसतो."

मग मुले आधी बाईंकडे बघून भुवया उडवत आणि मागोमाग माझ्या दांडीत ओरडत, "येस, सतरा नंबर!" माझे कान किटत, पण मी खूश असे. दोन्ही होकार त्या खोलीत सुखाने नांदत होते.

हे सुख आमच्या मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत खुपले. प्रुएट सर तसे हसतमुख गृहस्थ. एका दुपारी ते दारात टेकून म्हणाले, "नेइमात बाई, तुमच्याशिवाय या शाळेचं पान हलत नाही."

"मग मला कशाला हलवताय?" बाईंनी मान वर न करता विचारले.

"कळलं वाटतं तुम्हाला! अहो, वरून आदेश आहे. मोठ्या शाळेत माणूस कमी पडतोय."

"आणि ही मुलं? त्यांच्या नावावर पैसे येतात ना सर?"

"त्यांच्यासाठीच खर्च करतोय की! संगणकाचा नवा कार्यक्रम घेतलाय. मूल आपलं आपण शिकणार."

"मूल गोंधळलं तर त्याच्या तोंडाकडे कोण बघणार?"

"बाई, संगणक कधी आजारी पडत नाही, रजा मागत नाही."

"हो, आणि तुमच्याशी भांडतही नाही," बाई म्हणाल्या.

सर मनमोकळे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा चिंचोळ्या खोलीत खेळाचे सामान भरले होते आणि बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या.

त्याच वर्षी लिजोन आमच्या शाळेत आली. सहा वर्षांची पोर, नुकतीच बेटावरून आईकडे आलेली. आई रात्रपाळीला कोंबड्या कापायची आणि दिवसा झोपायची, म्हणून तिची आजी तिला आणायची, न्यायची. आजीला ती बुबू म्हणत असे. घरी इंग्रजी बोलत नाहीत असे समजताच शाळेने लिजोनची परीक्षा ठरवली. तिच्या वर्गशिक्षिका टिब्स बाईंनी मला तिच्या डोक्यावर बसवले आणि त्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

माझ्या कानांतून गोड आवाज आला, "तू तयार आहेस का?"

लिजोनने भुवया उचलल्या. बेटावरच्या शाळेत तिने इंग्रजी ऐकले होते, तिला चांगले समजत होते.

"तुला कुत्रा आवडतो का?"

भुवया पुन्हा वर गेल्या, आणि या वेळी गालही हसले.

"चित्रातली मुलगी धावते आहे का?"

तिने तिसऱ्यांदा होकार दिला. पण तो आवाज काही तिच्याकडे बघेना. तिचे उत्तर घेतल्यासारखे दाखवीना, नुसता पुढचे विचारत सुटला. आपण तीनदा सांगूनही समोरचा ढिम्म राहिला तर तुम्हाला काय वाटेल? लिजोनला तेच वाटले. तिने मान खाली घातली. नंतर खूप प्रश्न आले. चित्रात काय दिसते, मुलगी कुठे चालली आहे. तिने एकाचेही उत्तर दिले नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो की हिला येते, हिला सगळे समजते! पण माझ्यासारख्याचे ओरडणे कोण ऐकणार?

'इंग्रजी अजिबात बोलत नाही' असा निकाल आला. प्रुएट सरांना वाईट वाटले नाही. लिजोन मदतीच्या यादीत गेली आणि शाळेच्या निधीत भर पडली. मदत म्हणजे काय, तर ग्रंथालयाच्या मागच्या कोपऱ्यात तिने मला डोक्यावर घालून एकटीने बसायचे आणि संगणकावरच्या चित्रांवर बोट दाबायचे. त्या कोपऱ्यात तिला शिकवायला म्हणून कुणी एक शब्द बोलले नाही.

वर्गशिक्षिकेची तऱ्हा आणखी वेगळी. टिब्स बाई दुष्ट नव्हत्या, पण त्यांचा वर्ग गच्च भरलेला होता आणि त्यांना कुणी काही सांगितले नव्हते. एकदा त्या लिजोनला न्यायला कोपऱ्यात आल्या. म्हणाल्या, "चित्रांचं काम झालं का?"

लिजोनने भुवया उचलल्या.

"मी काहीतरी विचारलंय. झालं का?"

लिजोनने आणखी ठळक उचलल्या, बाईंना नीट दिसाव्यात म्हणून.

"मला तोंडं करून दाखवतेस? माझ्यावर डोळे वटारतेस?" बाईंचा आवाज चढला. "आज मधल्या सुट्टीत बाहेर जायचं नाही. भिंतीजवळ बसायचं."

पोर बिचारी 'हो, हो' म्हणत होती आणि त्याबद्दलच तिला शिक्षा झाली. मित्रांनो, माझा संताप अजून शांत झालेला नाही. असे पुष्कळदा घडले. मग लिजोनने आपल्यापुरता एक उपाय शोधला. कुणी काही विचारले की ती तळहात कपाळावर घट्ट दाबून धरायची, भुवया जागच्या जागी ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, "येस!" माझ्या पट्टीखाली त्या चिमुकल्या बोटांचा जोर मला जाणवायचा. समजले तरी येस, नाही समजले तरी येस. टिब्स बाई म्हणाल्या, "बघा, किती सुधारली!"

दुसऱ्या वर्षीच्या परीक्षेत ती माझ्या दांडीत खणखणीत बोलली. संगणकाकडून पाठ झालेली वाक्ये तिने धडाधड म्हणून दाखवली आणि उत्तीर्ण झाली. तिचे नाव मदतीच्या यादीतून काढले. ही बातमी द्यायला प्रुएट सर स्वतः कोपऱ्यात आले. तेवढ्यात बुबू तिला न्यायला आली. फुलाफुलांचा ढगळ झगा, हातात भाताचा डबा.

"आजी, तुमची नात पास झाली!" सर म्हणाले. "आता तिला आमच्या मदतीची गरज नाही!"

बुबूला इंग्रजी येत नव्हते. ती हसली आणि आपल्या भाषेत लिजोनला म्हणाली, "भूक लागली का गं माझ्या राणीला?"

मी अजून लिजोनच्या डोक्यावर होतो. तिने तळहात कपाळावर दाबला. "येस," ती म्हणाली.

बुबू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या लेखी उत्तर आलेच नव्हते. तिने पुन्हा विचारले, "अगं, खायचंय का काही?"

"येस, बुबू." हात तसाच.

बुबूचे हसू गेले. तिने डबा खाली ठेवला, मला लिजोनच्या डोक्यावरून उतरवले, तिचा हात हळूच बाजूला केला आणि आपला हात तिच्या कपाळावर ठेवला. "ताप आलाय का बाळा? डोकं दुखतंय?"

लिजोन म्हणाली, "येस."

नातीला ताप नव्हता. पण बुबू तिला कडेवर उचलून, घाबरीघुबरी होऊन घरी घेऊन गेली. "किती माया असते नाही या लोकांना!" असे म्हणून सर निघून गेले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात की आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. एखादे मूल बोलत नाही असे लिहून टाकण्याआधी त्याच्यासमोर बसा आणि त्याच्या तोंडाकडे बघा, एवढेच माझे मागणे आहे. माझे म्हणाल तर छान चालले आहे. दर परीक्षेनंतर मला मऊ फडक्याने पुसतात, वायर न पिळता गुंडाळतात. यंदा माझ्या कानांना नव्या गाद्या बसवल्या. पैसे मुलांच्याच निधीतून आले.