भेगेवरचा नकाशा

तुम्हीच मला मारलंत आणि वर सांगत सुटलात, की मी पडले. पडायला मी काय चालताना अडखळले होते? मी शाळेची इमारत बोलतेय. आता उरलाय विटांचा ढीग आणि एक उभी भिंत.

माझा जन्म झाला तेव्हा गाव एवढंसं होतं. नैर्ऋत्येच्या टोकाला, मोकळ्या माळावर, चार खोल्या आणि वर कौलं. पाया भरताना गवंड्यानं बजावलं होतं, "वर मजला चढवायचा नाही. हा पाया तेवढ्याचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात हे गाव पहिल्यापासून पटाईत.

मग कारखाने आले, वसाहती झाल्या, एकेका बाकावर पाच-पाच मुलं बसू लागली. दुसरी शाळा बांधायला जागा होती, पण ती बाजाराला हवी होती. म्हणून माझी कौलं उतरवली आणि माझ्याच डोक्यावर मजला चढवला. "शाळा उंच झाली, म्हणजे गाव उंच झालं!" उद्घाटनाला कुणीतरी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. वर्षभरात चौथीच्या खोलीत मला भेग गेली.

तिच्याकडे पाहिलं फक्त चौथीच्या बाईंनी. नोकरी नवी, गणिताचं वेड. त्यांनी भेगेवर कागदाची आडवी पट्टी चिकटवली, वर तारीख घातली. पट्टी फाटली म्हणजे भिंत सरकली. मुलं प्रार्थना झाली की आधी तिकडे धावत. "बाई, आजपण फाटली!" असं आनंदानं ओरडत. पोरंच ती. चार महिन्यांत अकरा पट्ट्या फाटल्या.

बाई त्या पाकिटात घालून मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, वर्ग हलवा."

"कुठं? माझ्या डोक्यावर?"

"मैदानात बसवते."

"आणि परवा तपासणीला साहेब आले की काय सांगू? भिंती आहेत, पण बाईंना पसंत नाहीत?"

इथली रीत अशी, की तपासणी आली की भेगेवर नकाशा टांगायचा. जेवढी भेग मोठी, तेवढा देश मोठा. वर सातवीत तर अख्खं जग लटकत होतं. शिपाईमावशीनं बाईंची पट्टी ओल्या फडक्यानं खरवडली आणि चौथीत एक भलंमोठं खंड टांगलं. साहेब नकाशांवर खूश झाले. शेरा लिहिला: 'भूगोलाचे अध्यापन उत्तम.'

झालं! साहेबांना आवडलेला नकाशा आता काढणार कोण? तो तसाच राहिला. नवी पट्टी लावायची नाही, वर्ग हलवायचा नाही, अशी लेखी ताकीद बाईंना मिळाली. त्या रोज नकाशा उचलून मागे हात घालत. एका सकाळी मनगटापर्यंत हात आत गेला.

"दप्तरं राहू द्या. ओळीनं बाहेर. पळू नका."

बाकीचे वर्ग मैदानावर कवायतीला होते, म्हणून वर-खाली दुसरं कुणी नव्हतं. मी धरून ठेवलं, जेवढं धरवलं तेवढं. तेहतीस मुलं बाहेर पडली. चौतिसावी मुलगी कंपासपेटीसाठी मागे वळली आणि बाई तिच्यामागे वळल्या.

त्या दोघींना मी मारलं. मी कबूल करते. तुम्ही कधी करणार?

तुम्ही चौकशी केलीत. अहवालात लिहिलंत, की शिक्षिकेने विनापरवानगी वर्ग सोडला आणि त्या धावपळीत भिंतीला धक्का बसला. अकरा पट्ट्यांचं पाकीट कुणाला सापडलं नाही. कुणी शोधलंही नाही.

समोर आता माझ्या धाकट्या बहिणीचा पाया भरताय. किती मजल्यांचा, असं नव्या गवंड्यानं विचारलं, तर म्हणालात, "सध्या एक. पुढचं पुढे बघू." तुमच्याच लेकरांना तिथं पाठवणार आहात. निदान एकदा तरी नकाशा उचलून बघा. एवढंच मागते.

काल शिपाईमावशी ढिगाऱ्यात आली. वाकून तिनं नकाशा ओढून काढला, दोनदा झटकला, उन्हात धरून पाहिला आणि मुख्याध्यापकांना हाक मारली, "सर, याला कुठं खरचटलंसुद्धा नाही. नव्या शाळेत लागेल की!"