ठमीचं नाक

अंजनगाव सुर्जीच्या शेषरावांना बुरशीतलं सगळं कळत असे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. संत्र्याच्या झाडाची साल नखाने खरवडायची, रोगाचं नाव सांगायचं आणि मोरचूद-चुन्याची पेस्ट खोडाला फासायची, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

ठमी मांजर त्यांच्या बायकोची, पंचफुलाबाईंची. तिच्या केसांनी आपल्याला शिंका येतात म्हणून उन्हाळ्यात शेषरावांनी तिची रवानगी गुरांच्या कोठ्यात केली. बैल विकल्यापासून तिथे खताची पोती तेवढी असत. पंचफुलाबाईंनी आठ दिवस अबोला धरला. पावसाळा संपता संपता ठमीच शिंकायला लागली आणि तिचं नाक एका बाजूने बोराएवढं फुगलं.

"बुरशी हाय," शेषराव म्हणाले. "पेस्ट लावतो, चार दिवसांत उतरते."

ब्रश घेऊन वळतात तर दारात पंचफुलाबाई.

"अवो, ते मांजर हाय, झाड नोय! पैले सोताच्या नाकाले लावून पाहा."

मग संत्र्याच्या क्रेटमध्ये ठमीला घालून दोघं अकोल्याच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं तेव्हा शेषराव म्हणाले, "संत्रे हायेत." अकोटपर्यंत संत्री ओरडत होती.

अकोल्याला जनावरांच्या डॉक्टर रागिणी मॅडमनी सुजेत सुई घालून पाणी काढलं, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. "बुरशीच आहे."

सत्कार झाल्यासारखं शेषरावांनी बायकोकडे पाहिलं.

"पण आत शिरणारी आहे. उशीर झाला असता तर मेंदूत गेली असती. घराजवळ कबुतरं आहेत का?"

"हायेत म्हंजे! मी रोज जवारी टाकतो न. त्याईची घाण पोत्याईत भरून ठेवतो. संत्र्याले असं खत नाई!"

"ही बुरशी त्याच घाणीत वाढते. पोती कुठे असतात?"

पोती कोठ्यात होती, आणि त्यातल्या सगळ्यात मऊ पोत्यावर ठमी चार महिने झोपत होती. पंचफुलाबाईंनी ठमीला उचलून पदराखाली घेतलं. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शेषरावांना वाटलं. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. ठमी गेली तर आपल्या हातून गेली.

"जगन न माही ठमी?" त्यांनी विचारलं.

'माही' ऐकून पंचफुलाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"जगेल. पण सहा महिने रोज गोळी, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि ती जागा पाणी मारून, तोंडाला फडकं बांधून साफ करा."

कोठा साफ झाला, जवारी बंद झाली. कबुतरांनी शेजारच्या पुंजाजींच्या गच्चीवर बस्तान हलवलं. ठमी घरात आली ती थेट शेषरावांच्या दिवाणावर. रोज सकाळी शेषराव सायीत गोळी लपवत, ठमी साय खाऊन गोळी थुंकत असे. मग जबडा उघडून गोळी आत ढकलताना त्यांच्या बोटाचा चावा ठरलेला.

सहावा महिना लागला तेव्हा नाक पूर्ण उतरलं होतं. ठमी मांडीवर लोळत होती. तिचे केस उडाले आणि शेषराव दणदणीत शिंकले.

स्वयंपाकघरातून पंचफुलाबाईंचा आवाज आला, "आता कोणाले पाठवू कोठ्यात?"

शेषरावांनी ठमीच्या सरळ झालेल्या नाकावरून हळूच बोट फिरवलं.

"मलेच पाठव," ते म्हणाले. "पण इची गोळी देल्यावर."